मुंबई इलाख्यातील कनिष्ठ मुलकी अधिकारी : शिक्षण, उमेदवारी आणि नेमणूक (१८१८–१८८९)

मुंबई इलाख्याच्या मुलकी कारभाराचा इतिहास बहुधा वरून खाली असा लिहिला जातो. एल्फिन्स्टनपासून आरंभ करावयाचा, गव्हर्नर, कमिशनर व कलेक्टर यांची धोरणे सांगावयाची, आणि ती धोरणे ज्यांच्या हातून अंमलात आली त्यांचा परामर्श एखाद्या परिच्छेदात आटोपावयाचा, अशी ही रीत आहे. बॅलहॅचेट (१९५७), स्टोक्स (१९५९) व रविंदरकुमार (१९६८) यांच्या ग्रंथांनी पेशवाईच्या अस्तानंतरच्या धोरणांचा वैचारिक उगम उत्तम रीतीने उलगडून दाखविला आहे. परंतु कलेक्टर होण्यापूर्वी असिस्टंट म्हणून आलेल्या इंग्रज तरुणास, आणि मामलेदार होण्यापूर्वी कारकून म्हणून कचेरीत शिरलेल्या मराठी तरुणास, काम कोणी, कोठे आणि कसे शिकविले, हा प्रश्न धोरणाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. कारण रयतेच्या दृष्टीने सरकार म्हणजे हे दोघेच होत.

या दोघांच्या शिक्षणाची कथा एकत्र वाचली म्हणजे एक विलक्षण विषमता नजरेस येते. इंग्रज असिस्टंटासाठी कंपनीने विद्यालये काढली, अध्यापक नेमले, कोश व व्याकरणे करविली, परीक्षा ठरविल्या आणि परीक्षेच्या काळात त्यास पुरेसा पगारही दिला. मराठी कारकुनासाठी मात्र तिने पेशवाईतून आलेली उमेदवारीची पद्धत जशीच्या तशी चालू ठेवली. इतकेच नव्हे तर त्या पद्धतीस पूर्वी जी घराण्याची व गावकीची बंधने होती ती काढून घेतली. पुढे त्याच कारकुनाच्या हाती खजिना व फौजदारी अधिकार सोपविले गेले. १८८८ साली पुण्यास जे प्रकरण उघडकीस आले, त्याचे मूळ एका अधिकाऱ्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या विषमतेत शोधणे अधिक योग्य ठरेल, असे मला वाटते.

पेशवाईतील कारकून तयार होण्याची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे. पुण्याच्या हुजूर दफ्तरात नाना फडणीसांच्या काळी दोनशेहून अधिक कारकून काम करीत असत. तेथे शिरावयाचे ते बहुधा नातलगाच्या किंवा यजमानाच्या ओळखीने. मुलगा शागिर्द म्हणून फडात बसे, मोडी वळण घोटी, मेस्तकांवरून जमाखर्चाची घडण शिके, आणि तर्जुमे, ताळेबंद, अजमास ही कागदांची नावे व त्यांची मांडणी हळूहळू त्याच्या अंगवळणी पडे. हे शिक्षण पुस्तकी नव्हते, पण ते ढिसाळही नव्हते. ताळेबंद जुळला नाही तर त्याची विचारणा होई आणि ती केवळ त्या मुलापुरती न राहता त्याला आणणाऱ्यापर्यंत पोहोचे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत महाल मक्त्याने देण्याची प्रथा वाढली, तेव्हा ही साखळी तुटू लागली. मक्तेदारास हिशेबाशी काय कर्तव्य? त्याने मक्त्याची रक्कम भरली की वरून त्यास कोणी विचारीत नसे.

१८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा त्यांच्यापुढे पहिली अडचण माणसांची होती. एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचे जे विभाग केले त्यांवर पुण्यास रॉबर्टसन, अहमदनगरास पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज आणि धारवाडाकडे चॅप्लिन यांच्या नेमणुका झाल्या. यांपैकी चॅप्लिन तेवढा मुलकी नोकर, तोही मद्रासेकडचा. बाकीचे तिघे लष्करी कॅप्टन होते. साताऱ्यास नेमलेला कॅप्टन ग्रँट, जो पुढे मराठ्यांच्या बखरीचा कर्ता म्हणून ग्रँट डफ या नावाने आपणांस परिचित झाला, तोही लष्करीच. त्याचे वय त्या वेळी अवघे २९ वर्षांचे. आणि त्याच्याकडे काम कोणते, तर छत्रपती प्रतापसिंह यांस राज्यकारभार शिकविण्याचे! १८२२ च्या एप्रिलात महाराजांच्या हाती अधिकार देण्यात आले तोपर्यंत हे शिक्षण चालले. ज्याला स्वतः जमाबंदीचे शिक्षण कोणी दिले नव्हते त्याने एका राजास ते द्यावे, यातील विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच : ग्रँटला जे येत होते ते त्याने महाराष्ट्रातच, येथल्या कारकुनांच्या व दफ्तरांच्या सहवासात शिकून घेतले होते. एल्फिन्स्टनचेही तसेच. तो १७९६ साली वयाच्या १६ व्या वर्षी कलकत्त्यास उतरला आणि १८०१ पासून पुण्याच्या रेसिडेन्सीत असिस्टंट म्हणून घडला. मक्त्याची पद्धत बंद करून पगारी मामलेदार नेमावे, जुन्या राजवटीतील जाणत्या माणसांस कामावर घ्यावे, आणि नवे कायदे लादण्याची घाई करू नये, हे त्याचे धोरण या अनुभवातूनच आलेले आहे.

परंतु अनुभवाने घडलेली ही पिढी एकदाच मिळावयाची होती. तिच्यानंतर येणारे तरुण हे शाळेतून येणार होते, आणि त्या शाळा दुसरीकडे होत्या. वेलस्लीने १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापिले. त्याचा आमच्या विषयाशी संबंध असा की, पहिल्या मुद्रित मराठी पुस्तकांपैकी काही याच कॉलेजाच्या गरजेतून निर्माण झाली. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी–इंग्रजी कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. वैजनाथशर्मा या पंडिताच्या साहाय्याने सिंहासनबत्तिशी, हितोपदेश आणि रघुजी भोसल्यांची वंशावळी ही पुस्तके १८१४ ते १८१६ या काळात छापली गेली. म्हणजे मराठी गद्याच्या छापील इतिहासाच्या आरंभी जो वाचक उभा आहे तो पुण्याचा वा नागपूरचा नव्हे, तर हुगळीकाठी परीक्षेस बसणारा इंग्रज मुलगा होय. आपल्या वाङ्‌मयाच्या इतिहासकारांनी या वाचकाकडे थोडे अधिक लक्ष दिले तर त्या गद्याच्या काही लकबींचा उलगडा होईल.

कंपनीच्या डायरेक्टरांना मात्र हे कॉलेज खर्चिक वाटले. त्यांनी १८०६ मध्ये इंग्लंडातच हर्टफर्ड येथे स्वतःचे विद्यालय काढले व १८०९ मध्ये ते हेलीबरीस नेले. नेमणूक मिळालेली मुले तेथे साधारणतः दोन वर्षे राहत. फारसी, संस्कृत व हिंदुस्थानी या भाषांबरोबर कायदा, इतिहास आणि अर्थशास्त्र त्यांस शिकविले जाई. अर्थशास्त्राचा अध्यापक होता लोकसंख्येच्या सिद्धान्तामुळे विख्यात झालेला माल्थस. त्याने १८३४ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, हे काम केले. मद्रासेस नवागत मुलकी नोकरांसाठी १८१२ मध्ये वेगळे कॉलेज निघाले. मुंबईसही तसे विद्यालय असावे, ही एल्फिन्स्टनची सूचना डायरेक्टरांनी मान्य केली नाही. परिणामी मुंबईस उतरणारा तरुण रिकार्डो व माल्थस यांची खंडाची उपपत्ती जाणत असे, सादीचे चार फारसी वेचेही त्यास येत असत. मराठी मात्र त्याने येथे येऊन शिकावयाची होती.

या शिक्षणाचे फळ काय झाले हे पाहण्यास प्रिंगलच्या पाहणीइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा हेलीबरीचा हुशार विद्यार्थी. दख्खनच्या पाहणीचे काम त्याच्याकडे आले, आणि गुरुमुखातून ऐकलेली उपपत्ती त्याने शेतावर लावण्याचे ठरविले. जमिनीच्या प्रत्येक प्रतीचे ढोबळ उत्पन्न काढावयाचे, त्यातून लागवडीचा सारा खर्च वजा करावयाचा, आणि जे निव्वळ उत्पन्न राहील त्याचे शेकडा ५५ सरकारने घ्यावयाचे, अशी ही योजना होती. तर्काच्या दृष्टीने ती निर्दोष म्हणता येईल. पण निव्वळ उत्पन्न काढावयाचे म्हणजे बियाण्याचा, बैलांचा, मजुरीचा, शेणखताचा खर्च गावोगाव विचारावयाचा, जमिनीची प्रत ठरवावयाची, आणि हजारो शेते मोजावयाची. हे कोणी करावयाचे? ते केले अल्प पगारावर गोळा केलेल्या मोजणीदारांनी व कारकुनांनी, ज्यांना त्या उपपत्तीचा गंध नव्हता आणि ज्यांच्या कामाची फेरतपासणी करण्याइतके अधिकारी नव्हते. ज्याने हात ओले केले त्याची काळी जमीन बरड ठरली, ज्याने केले नाहीत त्याची बरड काळी झाली. १८३० च्या सुमारास हे दर लागू होताच पुणे, अहमदनगर व सोलापूरकडील रयत जेरीस आली. जमिनी पडीक पडल्या, आणि पुष्कळ कुळे निजामाच्या हद्दीत निघून गेली. वसुलीसाठी रयतेचा छळ झाल्याचेही प्रकार घडले.

या अपयशाची चर्चा बहुधा उपपत्तीच्या अंगाने केली जाते : रिकार्डोचा सिद्धान्त दख्खनास लागू होता की नव्हता? मला ही चर्चा काहीशी अप्रस्तुत वाटते. सिद्धान्त बरोबर असता तरी पाहणी फसलीच असती, कारण ती करणारी माणसे कोणी तयार केली नव्हती. प्रिंगलनंतर १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात काम सुरू करणारे गोल्डस्मिड व विंगेट यांनी नेमके हेच ओळखले. दोघेही १८१२ चे, म्हणजे त्या वेळी तेवीस वर्षांचे. गोल्डस्मिड हेलीबरीचाच, विंगेट हा लष्करी इंजिनिअर. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब त्यांनी सोडून दिला. मातीचा रंग, खोली व दोष पाहून शेताची आणेवारी ठरवावयाची, मागील कित्येक वर्षांच्या वसुलाचा कल पाहून तालुक्याचा दर बसवावयाचा, आणि तो ३० वर्षे बदलावयाचा नाही, अशी सोपी रीत त्यांनी बसविली. सोपी अशासाठी की ती मोजणीदारास शिकविता येत होती आणि, अधिक महत्त्वाचे म्हणजे, तपासता येत होती. इंग्रज असिस्टंटाने काही शेते स्वतः पुन्हा मोजून व प्रतवारी करून मोजणीदाराचे काम पडताळावयाचे, हा या पद्धतीचा कणा होय. त्यासाठी त्यास महिनोन्महिने राहुटीत राहावे लागे व कुळाशी मराठीत बोलावे लागे. बार्टल फ्रिअर, जो १८६२ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला, तोही आरंभी पुणे जिल्ह्यात असिस्टंट असताना याच वातावरणात वाढला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या रीतीस कायम स्वरूप दिले. सर्व्हे खात्याची राहुटी ही मुंबई इलाख्यातील पहिली खरी मुलकी शाळा होती, असे म्हणावयास हरकत नाही. तेथे साहेब आणि मोजणीदार एकाच शेतावर उभे राहून एकच काम शिकत होते. अन्य खात्यांत असे घडले नाही.

कलेक्टरच्या कचेरीत नवागत असिस्टंटाची गाठ प्रथम पडे ती भाषेशी. परीक्षा उतरेपर्यंत तो जादा असिस्टंट म्हणून राही. हिंदुस्थानी व जिल्ह्याची भाषा, कायदा आणि हिशेब यांच्या खातेनिहाय परीक्षा झाल्या म्हणजे त्यास काही तालुक्यांचा ताबा मिळे. या परीक्षांसाठी साधने उत्तम होती. मोल्सवर्थ व कँडी बंधू यांनी ब्राह्मण पंडितांच्या साहाय्याने रचलेला मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये. कँडीचा इंग्रजी–मराठी कोश १८४७ चा. आज आपण हे कोश मराठी भाषेचे लेणे म्हणून वापरतो व ते योग्यच आहे. पण सरकारने त्यांवर पैसा खर्च केला तो आपला असिस्टंट कारकुनाच्या मुठीतून सुटावा म्हणून, हे विसरता कामा नये.

तो सुटला का? अंशतः. कोश आणि क्रमिक पुस्तके बालबोधीत होती. दफ्तरातील कागद मोडीत. परीक्षेत शंभर गुण मिळविणाऱ्या साहेबापुढे एखाद्या कुळंब्याचा अर्ज आला की तो वाचून दाखविण्यास चिटणीसच लागे, आणि वाचून दाखविणारा काय गाळतो हे साहेबास कळण्याचा मार्ग नसे. या परावलंबनावर उतारा म्हणून फिरतीचा नियम होता. पावसाळा संपला की असिस्टंटाने वर्षातील सात महिने व कलेक्टराने चार महिने जिल्ह्यात फिरतीवर राहिले पाहिजे, असा मुंबईचा दंडक होता. फिरतीत रयत थेट भेटू शके. पण मुक्कामाच्या तंबूभोवतीही कारकुनांचा व पट्टेवाल्यांचा वेढा असे, आणि तो ओलांडण्यास काहीतरी ठेवावे लागे, हे त्या काळच्या मराठी माणसास सांगावे लागत नसे. हेलीबरी १८५८ मध्ये बंद झाली. १८५५ पासून चढाओढीच्या परीक्षेने माणसे येऊ लागली. निवडलेल्या उमेदवारांस विलायतेत कायदा व देशी भाषा शिकविण्याची व्यवस्था झाली. या परीक्षेत १८६३ मध्ये उत्तीर्ण झालेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ ठाकूर यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. इंग्रज सहकाऱ्यांप्रमाणेच त्यांनाही येथील भाषा नव्याने शिकाव्या लागल्या; फरक एवढाच की त्यांनी पुढे तुकारामाचे अभंग बंगालीत नेले.

आता कचेरीच्या दुसऱ्या बाजूस वळू. तेथे उमेदवार बसलेला असे. उमेदवार म्हणजे आजच्या अर्थाने अर्जदार नव्हे. तो रोज कचेरीत येई, कारकुनाच्या हाताखाली बसून नकला करी, बारनिशीत नोंदी करी, तोंडी हुकूम लिहून घेई आणि असे विनावेतन काम महिनोगणती, कित्येकदा वर्षानुवर्षे करी. जागा रिकामी झाली म्हणजे आपला विचार होईल, या आशेवर. सरकारास ही पद्धत सोयीची होती. कामाचा भार वाढत होता आणि मंजूर नोकरवर्ग वाढत नव्हता. तेव्हा फुकट मिळणारे हात कोण नाकारील? दप्तरदार व अव्वल कारकून यांनाही ती सोयीची, कारण उमेदवार कोणाला ठेवावयाचे हे त्यांच्या हाती. उमेदवाराने कामाबरोबर कामाची रीतही शिकावी हे ओघानेच आले, आणि त्या रीतीत कोणत्या कागदास किती दिवस लागतात व ते कशाने कमी होतात, हेही येई.

या पद्धतीचे दोन परिणाम दूरगामी झाले. एक असा की, विनावेतन वर्षे काढणे ज्यांना परवडत होते, ज्यांच्या घरी मोडी वळण व हिशेब पिढीजात होता, आणि ज्यांचे नातलग आधीच कचेरीत होते, त्यांनाच हा दरवाजा उघडा राहिला. तालुका व जिल्हा कचेऱ्यांतील ब्राह्मण कारकुनांचे बाहुल्य पेशवाईचा वारसा म्हणून सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. इंग्रजी अमदानीत ते टिकले व वाढले ते उमेदवारीमुळे. जोतीराव फुल्यांनी ‘ब्राह्मणांचे कसब’ (१८६९) पासून ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) पर्यंत कारकुनावर जो प्रहार केला आहे तो केवळ जातिद्वेषाचा म्हणून बाजूस सारणारे वाचक एक गोष्ट पाहत नाहीत : फुल्यांचा रोख गोऱ्या अधिकाऱ्यावरही तितकाच आहे. साहेब ऐषारामात दंग आहे, कागद पाहत नाही, आणि म्हणून कारकुनाचे फावते, ही त्यांची मांडणी कारभाराच्या दृष्टीने अचूक होती. उलट बाजूने लोकहितवादींनी शतपत्रांतून आपल्याच ज्ञातीस कारकुनीपलीकडे दृष्टी नाही म्हणून फटकारले. ते स्वतः १८४४ मध्ये भाषांतरकार म्हणून सरकारी नोकरीत शिरले होते व १८५२ मध्ये मुनसफ झाले. कचेरी त्यांनी आतून पाहिली होती.

दुसरा परिणाम नैतिक आहे, आणि तो अधिक खोल आहे. उमेदवारीने कनिष्ठ अधिकाऱ्याच्या मनावर पहिला धडा असा बिंबविला की जागा ही कोणाच्या तरी मर्जीने मिळते व त्या मर्जीची किंमत आधी मोजावी लागते. ती किंमत प्रथम श्रमाच्या रूपाने मोजली जाई. पुढे ती अन्य रूपाने मोजण्यात उमेदवारास काही नवीन वाटण्याचे कारण नव्हते.

सरकारचे या दोषाकडे अजिबात लक्ष नव्हते असे नाही. कनिष्ठ जागांसाठी मराठी शाळांच्या अखेरीची परीक्षा आवश्यक ठरली. लोकांनी तिला ‘मुलकी परीक्षा’ हे नाव दिले, यातच शिक्षणाचे साध्य काय समजले जात होते ते दिसते. खात्यात शिरल्यावर लोअर व हायर स्टँडर्डच्या परीक्षा असत. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाल्यावर पदवीधरही मुलकी खात्याकडे वळले; परंतु त्यांनाही कारकुनीपासून आरंभ करून या परीक्षा द्याव्या लागत. परीक्षांत काय विचारले जाई? कायदे, नियम, जमाखर्चाचे नमुने. हे ज्ञान आवश्यकच होते, कारण मामलेदाराचे काम विलक्षण वाढले होते. वसूल, तालुक्याचा खजिना, गावकामगारांवर देखरेख, मॅजिस्ट्रेटचे अधिकार, १८७६ च्या कायद्यान्वये ताब्याचे दावे, १८७९ च्या जमीन महसूल कायद्याखालील असंख्य कामे, ही सारी त्याच्याकडे होती, आणि त्याचा पगार दरमहा रुपये १५० ते २५० यांच्या दरम्यान. सामान्य मराठी घरास ही रक्कम मोठी होती. अधिकाराच्या मानाने ती मोठी नव्हती.

परीक्षेने लायकी ठरे. नेमणूक ठरत नसे. उत्तीर्ण झालेल्यांची यादी रिकाम्या जागांपेक्षा नेहमीच लांब असे, आणि त्या यादीतून कोणास उचलावयाचे, कोणास बढती द्यावयाची, कोणास पुण्याजवळ ठेवावयाचे व कोणास दूरच्या तालुक्यात पाठवावयाचे, हे विभागाच्या कमिशनरच्या मर्जीवर होते. उमेदवारीत जी मर्जी दप्तरदाराची, तीच येथे कमिशनरची. चढाओढीच्या परीक्षेतून आलेल्या इंग्रज असिस्टंटास असा मर्जीचा धाक नव्हता. त्याची जागा, पगार व पेन्शन कराराने व नियमाने बांधलेली होती.

मध्य विभागाच्या कमिशनरच्या जागी आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा होता. मुंबई शहराचा पहिला म्युनिसिपल कमिशनर म्हणून १८६५ ते १८७१ या काळात त्याने नाव मिळविले होते. त्याच्या नावाची मंडई मुंबईकरांस सांगावयास नको. तो कर्तबगार होता, खर्चिक होता, आणि कर्जात बुडालेला होता. १८८८ च्या उन्हाळ्यापर्यंत, मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या पैसे घेऊन होतात व हे पैसे हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत पोहोचतात, अशी कुजबूज सरकारच्या कानी स्पष्टपणे गेली. गव्हर्नर लॉर्ड रे यांनी चौकशी ओमानी या अधिकाऱ्याकडे सोपविली. पुरावा मिळावयाचा तर तो पैसे देणाऱ्यांकडूनच. म्हणून मामलेदारांस अभय देण्यात आले : खरे सांगाल तर तुम्हांस बाध येणार नाही. क्रॉफर्डला जुलैमध्ये निलंबित केले गेले. तो वेषांतर करून निघाला असता मुंबईस पकडला गेला. हणमंतरावावर खटला होऊन त्यास शिक्षा झाली. क्रॉफर्डची चौकशी मात्र कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखालील कमिशनपुढे पुण्यास चालली. १८८९ च्या आरंभी कमिशनने त्यास लाचेच्या आरोपांतून मुक्त केले. आपल्या हाताखालच्या मुलखातील लोकांकडून कर्जे घेतल्याचा आरोप तेवढा शाबीत झाला. मुंबई सरकारला हा निष्कर्ष सर्वांशी पटला नाही. स्टेट सेक्रेटरीने क्रॉफर्डला नोकरीतून दूर केले.

येथपर्यंतची हकीकत सर्वश्रुत आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग यानंतरचा आहे. पैसे घेणारा लाचेतून सुटला. पण पैसे दिल्याची कबुली देणारे मामलेदार कागदावर उभे राहिले. ते मॅजिस्ट्रेटही होते. ज्याने पैसे देऊन जागा मिळविली त्याने दुसऱ्याचा न्याय कसा करावा, असा प्रश्न अँग्लो-इंडियन पत्रांनी आणि पार्लमेंटातील सभासदांनी उपस्थित केला. विकत घेतलेले अधिकारपद रद्द ठरविणाऱ्या १८०९ च्या पार्लमेंटच्या कायद्याचा आधार पुढे आला, आणि मुंबई सरकारने दिलेले अभय मुळात कायदेशीर होते काय, हाच वाद सुरू झाला. अखेर हिंदुस्थान सरकारने १८८९ चा १८ वा कायदा करून साक्ष देणाऱ्यांस खटल्यांपासून संरक्षण दिले. मात्र नोकरीचे संरक्षण सर्वांस मिळाले नाही. मामलेदारांचे दोन वर्ग पाडण्यात आले. ज्यांच्याकडून धाकाने पैसे उकळले गेले ते एका बाजूस. ज्यांनी स्वतःच्या लाभासाठी राजीखुशीने दिले ते दुसऱ्या बाजूस. या दुसऱ्या वर्गातील लोकांना काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला पुण्यात भरलेल्या जाहीर सभेत टिळकांनी मामलेदारांची बाजू मांडली. सरकारने शब्द दिला, त्या शब्दावर विसंबून माणसे बोलली, आता तो शब्द पाळला पाहिजे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. क्रॉफर्डने १८९७ मध्ये विलायतेत पुण्याच्या व दख्खनच्या उपद्व्यापांवर एक पुस्तक प्रसिद्ध करून सर्व दोष पुण्याच्या ब्राह्मणांवर टाकला. त्याची बाजू मांडण्यास छापखाना होता.

याच सुमारास सरकारी नोकऱ्यांचा विचार करणाऱ्या एचिसन कमिशनचे काम (१८८६–८७) संपले होते. करारबद्ध व बिनकराराचे हा जुना भेद टाकून त्याने इंपीरियल, प्रांतिक व दुय्यम अशा तीन श्रेणी सुचविल्या. त्या कमिशनपुढील चर्चेचा बराच भर हिंदी लोकांस वरच्या श्रेणीत किती वाव असावा, यावर होता. वयोमर्यादा १८७८ पासून २१ वरून १९ वर आणल्याचे शल्य ताजे होते, तेव्हा ते स्वाभाविकही होते. पण राष्ट्रीय विचाराच्या आमच्या पुढाऱ्यांनीही दुय्यम श्रेणीकडे फारसे वळून पाहिले नाही, हे नमूद केले पाहिजे. उमेदवार कचेरीत बसतच राहिला.

राजीखुशीने दिलेले आणि धाकाने दिलेले हा जो भेद १८८९ मध्ये करण्यात आला, त्यावर मामलेदाराच्या आयुष्यक्रमाच्या दृष्टीने विचार करून पाहावा. तो पंधरासोळा वर्षांचा असताना मुलकी परीक्षा देतो. दोनतीन वर्षे फुकट राबतो. पंधरा रुपयांवर कारकून होतो. दोन परीक्षा उतरतो. आणि चाळिशीच्या आसपास त्याचे नाव यादीत लागते. त्याच्याहून मागचा एक जण पुढे गेल्याचे तो पाहतो, आणि तो कसा गेला हे कचेरीतील पट्टेवालाही त्यास सांगू शकतो. मग मध्यस्थाचा निरोप येतो. निरोपात धमकी नसते. नुसती रक्कम असते. या माणसाने दिलेले पैसे सरकारने कोणत्या रकान्यात मांडले, तर ‘राजीखुशी’च्या.